‘ॲबी १७९०’ शिक्क्याचा निळा-पांढरा चहाचा सेट: वय कसे ओळखावे आणि संग्रह कसा उभा करावा

आपण लिहिले आहे की, बर्मिंगहॅमजवळच्या एका चॅरिटी शॉपमधून आपण निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा एकवीस नगांचा चहाचा सेट घेतला. त्याच्या तळावर चंद्रकोरीसोबत ‘ॲबी १७९०’ असे छापलेले आहे आणि तो सव्वादोनशे वर्षांहून जुना असल्याचे आपल्याला तेथे सांगण्यात आले. सेट खरोखर तेवढा जुना आहे का, असे सेट जमवायचे तर सुरुवात कशी करावी, त्यांतून चहा प्यायला हरकत आहे का, आणि पुढेमागे पुण्याला परतताना ते कसे न्यावेत, असे आपले चार प्रश्न आहेत. इंग्लिश निळी-पांढरी भांडी जमवण्यात, धुण्या-पुसण्यात आणि इतरांना ओळखून देण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे थोडे विस्ताराने उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ‘ॲबी’ ही नक्षी स्टोक येथील जॉर्ज जोन्स अँड सन्स या कारखान्याची आणि चंद्रकोर हे त्याच्या क्रेसेंट पॉटरीचे चिन्ह. हा कारखाना मुळात १८६० च्या दशकात सुरू झाला, त्यामुळे त्याच्या हातून १७९० मध्ये काही घडणे शक्यच नाही. आपला सेट विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतला असणार. तळावरचा १७९० हा आकडा निर्मितीचे वर्ष सांगत नाही, तो जुन्या काळाची आठवण करून देतो. म्हणून आपला सेट खोटा ठरत नाही. तो चांगला, प्रामाणिक, कागदावरून छापलेल्या नक्षीचा इंग्लिश माल आहे. याच नक्षीच्या, श्रेडेड व्हीट या न्याहारीच्या पदार्थासाठी बनवलेल्या खोलगट बशा आजही जुन्या बाजारांत नेहमी दिसतात. आपण माफक किंमत दिली असेल तर व्यवहार चांगलाच झाला. मात्र अठराव्या शतकाची किंमत कोणी मागितली असती तर ती देऊ नये, एवढेच.

तरीही १७९० हेच वर्ष का छापावेसे वाटले, हे समजून घेण्याजोगे आहे, कारण या भांड्यांचा सगळा इतिहास त्या दशकाच्या आसपास घट्ट झाला आहे. १७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने चहावरची जकात सुमारे ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली आणि तोवर चोरट्या मार्गाने येणारा चहा सामान्य घरांतही राजरोस पोहोचू लागला. त्याच सुमारास स्टोकमध्ये जोसाया स्पोड यांनी साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईच्या, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराच्या, खाली निळी नक्षी छापण्याचे तंत्र यशस्वी केले. पुढे १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चीनमधून घाऊक प्रमाणात चिनी भांडी आणणे थांबवले. पिणारे वाढले, परदेशी पुरवठा आटला आणि छापण्याची युक्ती हाताशी आली. या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे स्टॅफर्डशायरमधील टन्स्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही कुंभारकामाची गावे निळ्या-पांढऱ्या मालाने भरून गेली. रंग निळाच का, याचे कारणही भट्टीतच आहे. झिलई पक्की करणाऱ्या उष्णतेत भरवशाने टिकणारा रंग त्या काळी कोबाल्टचाच होता. हिरवे, गुलाबी, तपकिरी छाप त्यानंतर काही दशकांनी आले.

आता १७९० च्या सुमाराचा खरा चहाचा सेट कसा असे, ते पाहू. माझ्या मते वय ओळखण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे सेटमध्ये कोणकोणते नग आहेत हा होय. त्या काळी चहा बिनकानाच्या छोट्या वाडग्यांतून पीत. कान असलेला उभट पेला कॉफीसाठी असे आणि दोन्ही एकाच वेळी वापरायचे नसल्यामुळे त्या दोघांत मिळून एकच खोलगट बशी असे. सोबत चहादाणी, तिच्याखालची तबकडी, झाकणाची साखरदाणी, दुधाचा जग आणि उरलेला गार चहा व चोथा टाकण्यासाठी एक मोठा वाडगा एवढा सरंजाम असे. प्रत्येक माणसाला केक-सँडविचसाठी वेगळी छोटी प्लेट देण्याची पद्धत नंतरची, व्हिक्टोरियन काळात रुळलेली आहे. आपल्या सेटमध्ये सहा कप, सहा बश्या, सहा छोट्या प्लेटा, एक केकची प्लेट, दुधाचा जग आणि साखरेचे भांडे असे एकवीस नग आहेत. ही रचना सरळ व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धाकडे किंवा त्यानंतरच्या काळाकडे बोट दाखवते. बारा जणांचा सेट असेल तर हाच हिशेब दोन केकच्या प्लेटा धरून चाळीस नगांचा होतो. चहादाणी या आकड्यांत बहुधा धरलेली नसते, ती वेगळी विकली जाई. म्हणून ‘चहादाणी नाही, म्हणजे सेट अपुरा’ असे मानून पुढ्यातला चांगला सेट सोडू नये.

नगांनंतर छपाई पाहावी, आणि इथे घाई करू नये. नक्षी आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरली जाई. कोबाल्टचा रंग तेलात घोटून, गरम करून त्या कोरीव रेघांत भरत, वरचा रंग खरवडून काढत आणि पातळ पण चिवट कागदावर तिचा छाप घेत. हा कागद कापून, एकदा भाजलेल्या पण अजून झिलई न दिलेल्या भांड्यावर बसवायचा, ताठ ब्रशने घासून रंग मातीत उतरवायचा आणि मग पाण्यात कागद धुऊन टाकायचा. हे काम बहुतांशी बायका आणि मुली करीत. नंतर हलक्या आचेवर तेल जाळून टाकत, झिलईत बुडवून पुन्हा भट्टी लावत. सपाट कागद गोल भांड्यावर बसवताना कुठे तरी सांधा येणारच. तो सांधा शोधणे हा मला आजही या छंदातील सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. कपाच्या कानाजवळ, बशीच्या काठावर किंवा चहादाणीच्या तोटीखाली पाहावे; तिथे वेलीचे पान अर्धे तुटलेले, चौकटीचे एक घर गायब झालेले किंवा एक पट्टी दुसरीवर चढलेली दिसते. त्या ठिकाणी एका कामगार मुलीने कात्री कुठे चालवली ते स्पष्ट कळते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आलेल्या आयत्या चिकटचित्रांच्या नक्षीत असे सांधे बहुधा नसतात आणि भिंगाखाली रेघांऐवजी एकसारखे बारीक ठिपके दिसतात. इथे एक गोष्ट जपून पाहावी लागते. साधारण १८०० नंतर कोरणाऱ्यांनी रेघांबरोबर हाताने ठोकलेले टिंबही वापरले आणि त्यामुळे आकाश, पाणी, ढग यांना फिकट-गडद छटा आल्या. ते टिंब लहान-मोठे आणि मोकळे असतात, यंत्राच्या जाळीसारखे ओळीत बसत नाहीत. अगदी सुरुवातीचे काम मात्र जवळपास निव्वळ रेघांचे, गडद आणि थोडे जड दिसते. बर्सलेमच्या मिडलपोर्ट पॉटरीत, म्हणजे बर्ले या नावाचा माल जिथे बनतो तिथे, ही कागदी छपाई अजूनही चालू आहे. आपण तासा-दीड तासाच्या अंतरावर राहता, तेव्हा एकदा ती प्रत्यक्ष पाहून यावी. दहा पुस्तकांनी कळणार नाही ते एका फेरीत कळेल.

मातीचा प्रकार ओळखायला दिवा पुरेसा आहे. कपामागे बोटे धरून उजेडात पाहिल्यावर बोटांची सावली दिसली तर तो बोन चायना असण्याची शक्यता मोठी. त्यात जनावरांच्या हाडांची राख जवळपास निम्मी असते आणि हे मिश्रण स्टोकमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावले. उजेड आरपार जात नसेल तर ती साधी पांढरी माती किंवा १८१३ च्या सुमारास आलेली जड, टणक दगडी माती असते. जुन्या, म्हणजे १७८० ते १८३० च्या सुमाराच्या पांढऱ्या मातीवरच्या झिलईत किंचित कोबाल्ट मिसळलेले असे, आणि तळाच्या कड्याला, कानाच्या बेचक्यात जिथे झिलई साचते तिथे निळसर झाक दिसते. पांढऱ्या कागदावर भांडे उलटे ठेवून ही झाक पाहावी. ती नसेल आणि तळ एकसारखा स्वच्छ दुधी असेल, तर शिक्क्यावर काहीही लिहिलेले असो, भांडे बहुधा नंतरचे आहे.

शिक्का मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण नवा संग्राहक तिथून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. सुरुवातीच्या काळातील चहाच्या भांड्यांवर पुष्कळदा शिक्काच नसतो, त्यामुळे शिक्का नसणे हा दोष नाही. असलेल्या शिक्क्यावर मात्र काही शब्द काळाची खालची मर्यादा ठरवून देतात. ‘इंग्लंड’ हा देशाचा उल्लेख १८९१ पासून सर्रास येऊ लागला, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले होते. ‘मेड इन इंग्लंड’ हे शब्द साधारणपणे विसाव्या शतकाचे. ‘ट्रेड मार्क’ हे शब्द १८६२ च्या कायद्यानंतरचे. ‘स्थापना अमुक साल’ असे असेल तर ते कारखान्याचे जन्मवर्ष, भांड्याचे नव्हे. पत्त्यांतल्या चौकटसारखी उभी खूण, म्हणजे ‘हिरा’, असेल तर तो १८४२ ते १८८३ या काळातील नक्षी-नोंदणीचा; त्यातील वर्षाचे अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात आणि १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात येते. १८८४ पासून त्याच्या जागी सरळ नोंदणी क्रमांक आले. हिरा असो की क्रमांक, त्यावरून नक्षी किंवा आकार केव्हा नोंदवला ते कळते, आणि तोच माल पुढे कित्येक वर्षे बनत राहिलेला असू शकतो. कोपलंड (स्पोड कारखान्याचेच पुढचे नाव) यांच्या मातीच्या भांड्यांवर १८७० पासून महिन्याचे अक्षर आणि खाली वर्षाचे दोन आकडे दाबून उमटवलेले आढळतात, तो मात्र निर्मितीचाच दाखला आहे. उजेड तिरका धरल्याशिवाय तो दिसत नाही.

एका नावाबद्दल विशेष सांगतो. ‘वेजवुड अँड को’ हा शिक्का पाहून अनेकांचे डोळे चमकतात, पण तो टन्स्टॉल येथील इनॉक वेजवुड यांच्या कारखान्याचा आहे, एट्रुरिया येथील प्रसिद्ध जोसाया वेजवुड घराण्याचा नव्हे. घराण्याच्या मालावर बहुधा नुसते ‘वेजवुड’ असते. मध्ये एक जादा ‘ई’ घालून लिहिलेले नाव तर स्टॉकटनच्या विल्यम स्मिथ यांचे, आणि त्यावर १८४८ मध्ये न्यायालयाने मनाई केली होती. टन्स्टॉलचा मालही सुंदर आहे, पण त्याची किंमत त्याच्या नावाने द्यावी.

संग्रह उभा करायचा तर नक्षी, कारखाना आणि काळ या तिन्ही गोष्टी आधी ठरवाव्यात, असा माझा आग्रह आहे. नुसते ‘निळे-पांढरे’ जमवणाऱ्याचे कपाट दोन वर्षांत भरते आणि टेबलावर सहा माणसांना एकसारखे वाढता येत नाही. विलो ही नक्षी शेकडो कारखान्यांनी बनवली: झुकलेला विलो वृक्ष, पुलावरची तीन माणसे, होडी, नागमोडी कुंपण आणि वर उडणारी पक्ष्यांची जोडी. तिची चिनी प्रेमकथा म्हणून जी सांगितली जाते ती इंग्लंडातच रचलेली असून १८४९ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकात ती छापली गेली होती. चीनमध्ये तिचे मूळ शोधू नये. विलो स्वस्त मिळते, पण दोन कारखान्यांच्या विलोचा निळा रंग, झाडावरच्या फळांची संख्या आणि काठाची जाळी जुळत नाही, म्हणून शिक्का न पाहता घेतलेले सुटे कप कायम परके दिसतात. एशियाटिक फेझंट्स ही फिकट, आकाशी निळ्या रंगाची, मोठे पक्षी आणि फुले असलेली व्हिक्टोरियन नक्षी मला चहासाठी सर्वांत प्रसन्न वाटते, पण तीही अनेकांनी बनवली असल्याने तेच पथ्य लागते. नवशिक्याला मी सहसा स्पोडची ब्लू इटालियन सुचवतो. ती १८१६ पासून बनत आली आहे, नक्षी एकाच घराण्याची असल्यामुळे जुळवणी सोपी जाते, आणि शिक्क्यांचा क्रम स्पष्ट आहे: आधी स्पोड, १८३३ ते १८४७ कोपलंड अँड गॅरेट, नंतर कोपलंड, आणि १९७० पासून पुन्हा स्पोड. तरी १९२० च्या कपाशेजारी १९८० ची बशी ठेवली तर दोन्हींच्या निळ्यात फरक दिसतो, म्हणून दोन-तीन दशकांचा एक पट्टा धरून त्यातच घ्यावे.

आपल्याकडे ॲबीचा पाया तयार आहेच, तेव्हा पुढची खरेदी त्याच शिक्क्याची चहादाणी असावी. चहादाणी घेताना झाकण मूळचे आहे का, हे आधी पाहावे. झाकणाचा काठ आणि तोंडाचा काठ यांच्या झिलईचा रंग एक असावा, झाकण फिरवल्यावर अडखळू नये आणि झाकणावरची नक्षी भांड्यावरच्या नक्षीशी नुसती साधर्म्याने नव्हे, तर रेघेरेघेने जुळावी. तोटीचे टोक आणि कानाचे दोन्ही जोड हे मोडण्याचे नेहमीचे ठिकाण. कप बोटाच्या टोकावर हलका धरून नखाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर कुठे तरी केसाएवढी तड आहे. दुरुस्ती लपवण्यासाठी फवारलेला रंग खऱ्या झिलईपेक्षा हाताला ऊबदार आणि किंचित मऊ लागतो, आणि अंधारात अतिनील टॉर्चखाली डिंक व रंग बहुधा वेगळे उजळतात. जुन्या काळी फुटलेली बशी धातूच्या बारीक चिमट्यांनी शिवलेली आढळते. अशी बशी वापरात न आणता तशीच जपावी, चिमटे काढू नयेत. तळाला तीन बारीक खुणांचे झुबके दिसले तर घाबरू नये, ते भट्टीत भांडी एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या तिकाटण्याचे ठसे आहेत.

झिलईत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे आणि त्यांत चहाचा तपकिरी रंग उतरलेला, ही मातीच्या भांड्यांची सर्वांत सामान्य तक्रार असते. माती सच्छिद्र असल्याने ओल शोषून सूक्ष्मपणे फुगते आणि वरची झिलई तेवढी ताणली जात नाही, म्हणून ती तडकते. यावर क्लोरीनचे ब्लीच कधीही वापरू नये. त्याचे क्षार मातीत शिरून वाळतात आणि काही महिन्यांनी झिलईचे पापुद्रे उडवतात. भांडे आधी स्वच्छ पाण्यात भिजवावे, म्हणजे डाग आणखी आत ओढला जात नाही, मग औषधाच्या दुकानातील सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून डागावर ठेवावा आणि शेवटी पुन्हा पाण्यात धुऊन बरेच दिवस सावलीत वाळू द्यावे. सोनेरी काठ असलेल्या भांड्यांवर हा प्रयोग करू नये. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह या दोन्हींपासून सर्वच जुनी भांडी दूर ठेवावीत.

त्यांतून चहा प्यावा का? जुन्या मातीच्या भांड्यांच्या झिलईत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. ब्रिटनमध्ये कच्च्या शिशाची झिलई १९४० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. झिलई अखंड आणि चकचकीत असेल तर पाहुणे आले असताना अधूनमधून साध्या चहासाठी सेट वापरायला मी स्वतः हरकत घेत नाही. मात्र लिंबाचा चहा, सरबत, कोकम, चिंच असे आंबट काहीही त्यात घालू नये आणि कोणताही पदार्थ त्यात साठवून ठेवू नये, कारण आम्ल शिसे ओढून काढते. झिलई तडकलेली किंवा झिजून खरखरीत झालेली भांडी, तसेच गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी तर कोणतीही जुनी भांडी, पूर्णपणे वर्ज्य मानावीत. रोजच्या वापरासाठी आजच्या बनावटीची घ्यावीत. आपला उकळलेला, आले-वेलचीचा चहा इंग्लिश चहापेक्षा जास्त कढत ओतला जातो, हेही लक्षात असू द्यावे: आधी कोमट पाण्याने कप ऊन करावा, चहा क्षणभर थांबवून मग ओतावा, आणि चहादाणी कधीही शेगडीवर चढवू नये.

पुण्याला गेल्यावर मुंबईच्या चोरबाजारात असा माल शोधण्याचा विचार आपण बोलून दाखवला आहे. तिथे निळ्या-पांढऱ्या भांड्यांत इंग्लिश मालाबरोबर हॉलंडच्या मास्ट्रिख्टचा, पेत्रुस रेखाउट कारखान्याचा माल आणि जपानी विलो मिसळलेले असतात, म्हणून तळ उलटून पाहिल्याशिवाय ‘विलायती’ या शब्दावर विसंबू नये. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काळाचा. इंग्लिश निळ्या छपाईत भारतही उतरला आहे: स्पोडने १८१५ च्या सुमारास भारतातील शिकारीच्या चित्रांवरून एक पूर्ण मालिका काढली होती. ती प्रामुख्याने जेवणाच्या भांड्यांची आहे, आणि फार महाग आहे.

नेण्यासाठी प्रत्येक नग वेगळा, आधी आम्लरहित पातळ कागदात आणि मग बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळावा. वर्तमानपत्र थेट भांड्याला लावू नये, तडकलेल्या झिलईत शाई उतरते. कपात कप बसवू नये, कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा भरावा, आणि झाकणे चहादाणीवर न ठेवता वेगळी बांधावीत. बश्या व प्लेटा आडव्या न रचता उभ्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांप्रमाणे लावाव्यात. पेटीच्या तळाशी चार बोटे मऊ थर असावा आणि पेटी हलवली तर आतून आवाज येता कामा नये. पावसाळ्यात पोहोचत असाल तर पेटी लगेच उघडून भांडी मोकळ्या हवेत वाळवावीत, नाही तर मातीत राहिलेली ओल बंद कपाटात कुबट वास धरते.